किलोमीटरचा भाव आणि दिवसाचा दाम

(नागपुरात तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी तुम्हाला स्पर्धा परीक्षा, नर्सिंग आणि आयटीआयबद्दल सांगितलं. ते नीट ऐका, कारण तो रस्ता चांगला आहे. मी मात्र अशा कामाबद्दल बोलणार आहे ज्याला कुणी करिअर म्हणत नाही. तरीही आज हात वर करायला सांगितलं, तर या हॉलमधल्या कितीतरी घरांत एखादा ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री नाहीतर टायरवाला निघेल. पोराला बारावीत कमी गुण पडले की मामू म्हणतो, "लायसन्स काढ, मी बोलतो एका पार्टीशी." आणि आठ दिवसांत ऑफर येते.

मी एकोणीस वर्षं वाडीच्या बाजूला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांत ड्रायव्हरांचे हिशेब लिहिले. गाडी लागली की ड्रायव्हर माझ्या टेबलासमोर बसायचा. खिशातून डिझेलच्या पावत्या, काट्याच्या चिठ्ठ्या, पंक्चरचं बिल असं सगळं काढून ठेवायचा. त्याला काय कबूल झालं होतं आणि शेवटी हातात काय पडलं, हे दोन्ही आकडे माझ्यासमोर एकाच कागदावर असायचे. त्या कागदावरून जे शिकलो तेवढंच आज सांगतो.

आपलं नागपूर गाड्यांचं गाव आहे. श्रीनगर-कन्याकुमारीचा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि हजिरा-पारादीपचा ५३ इथेच एकमेकांना छेदतात. त्यात डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंतचा समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. बुटीबोरी, मिहान, वाडी, कापसी, जिथे जाल तिथे गोदाम आणि गोदामासमोर गाड्यांची रांग. ड्रायव्हर मिळत नाहीत अशी मालकांची तक्रार असते आणि ती खोटी नाही. म्हणून ऑफरही आता नव्या तऱ्हेच्या येतात. पूर्वी पगार आणि भत्ता असायचा. आता म्हणतात, "किलोमीटरवर या. जितकं चालवाल तितकं कमवाल."

ऐकायला हे न्यायाचं वाटतं. जो जास्त राबेल त्याला जास्त मिळेल, यात वाईट काय? म्हणून आपण एका ऑफरचा हिशेब करू. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या ऑफरचे आकडे तुम्ही त्यांच्या जागी घाला.

पहिली ऑफर अशी: किलोमीटरला ४ रुपये. पगार नाही, भत्ता नाही. सांगणारा म्हणतो, "महिन्याला आठ-साडेआठ हजार किलोमीटर आरामात होतात, भाई. बत्तीस हजार कुठे गेले नाहीत."

दुसरी ऑफर अशी: १४,००० रुपये पगार, किलोमीटरला दीड रुपया आणि बाहेर असाल त्या दिवशी जेवणाचे २०० रुपये.

पोरं पहिली उचलतात, कारण ४ हा दीडपेक्षा मोठा आकडा आहे आणि बत्तीस हजार ऐकून घरात मिठाई येते.

आता गाडी हैदराबादला पाठवू. एका बाजूचं अंतर सुमारे ५०० किलोमीटर, जाऊन-येऊन १,०००. बुटीबोरीला सकाळी गाडी लावली, माल भरायला संध्याकाळ झाली. एक दिवस गेला. जायला दीड दिवस. तिथे गोदामाच्या गेटवर नंबर लागायला आणि खाली करायला एक दिवस. परतीचा माल मिळेपर्यंत दीड दिवस. यायला दीड दिवस, आणि इथे खाली करायला अर्धा. झाले सात दिवस. महिन्याच्या २८ दिवसांत अशा चार फेऱ्या, म्हणजे ४,००० किलोमीटर.

पहिल्या ऑफरमध्ये तुमचे झाले १६,००० रुपये. ढाब्यावरचं जेवण, चहा, आंघोळ, मोबाइल असं रोजचं २५० रुपये धरा. त्यात ७,००० गेले. हातात राहिले ९,०००. घराबाहेर काढलेल्या एकेका दिवसाला ३२१ रुपये पडले.

दुसऱ्या ऑफरमध्ये पगाराचे १४,०००, किलोमीटरचे ६,००० आणि जेवणाचे ५,६००, असे २५,६०० झाले. तोच ७,००० खर्च वजा करा. राहिले १८,६००. दिवसाला ६६४ रुपये. गाडी तीच, रस्ता तोच, रात्री तितक्याच. दाम दुप्पट.

कुणी म्हणेल, काका, तुम्ही मंदीचा महिना धरला. ठीक, तेजीचा धरू. ८,००० किलोमीटर झाले. पहिल्या ऑफरमध्ये ३२,०००, खर्च जाऊन २५,०००. दुसरीत ३१,६००, खर्च जाऊन २४,६००. म्हणजे तेजीत पहिली ऑफर ४०० रुपयांनी पुढे आणि मंदीत ९,६०० रुपयांनी मागे. दोन्ही ऑफर बरोबरीला येतात ७,८४० किलोमीटरवर. त्यासाठी २८ दिवस रोज २८० किलोमीटर पडले पाहिजेत, आणि एकही दिवस गाडी उभी राहता कामा नये.

असा बरोबरीचा आकडा प्रत्येक ऑफरमध्ये काढता येतो. दोन ऑफरींच्या पक्क्या रकमेतला फरक घ्या. आपल्या उदाहरणात पगार आणि जेवण मिळून १९,६००. त्याला किलोमीटरच्या दरातल्या फरकाने भागा. इथे तो अडीच रुपये. उत्तर आलं ७,८४०. मग ऑफर देणाऱ्याला विचारू नका, त्याच्याकडे आधीपासून असलेल्या ड्रायव्हरला विचारा: "उस्ताद, मागच्या तीन महिन्यांत तुमचे किती किलोमीटर झाले?" चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत खरं उत्तर मिळतं.

आता जरा आठ हजार किलोमीटरच्या वचनाकडे कायद्याच्या नजरेने पाहू. भरलेली गाडी घाट, गाव, टोल धरून ताशी ४० ने चालली, तर ८,००० किलोमीटरला २०० तास लागतात. मोटर परिवहन कामगारांसाठी १९६१ साली केलेल्या कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्यासाठी परवानगीने दहा आणि ५४ तास. पाच तास कामानंतर अर्धा तास विश्रांती. चार आठवड्यांचे जास्तीत जास्त झाले २१६ तास. यातले २०० स्टिअरिंगवर गेले, तर माल भरणं, ताडपत्री बांधणं, काटा करणं, कागद घेणं यासाठी महिन्याला १६ तास उरले. कायदा ही जोडकामंही कामाच्याच तासांत धरतो. सोळा तासांत एका फेरीचंही भरणं-उतरवणं होत नाही. मग उरलेले तास येतात कुठून? झोपेतून. म्हणून सांगतो, कुणी आठ हजार किलोमीटरचं आमिष दाखवलं, तर तो तुमच्या झोपेचा भाव करतो आहे असं समजा.

सरकारचा ई-वे बिलचा नियमही बघा. साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. हैदराबादच्या ५०० किलोमीटरला तीन दिवस. ही कागदाची मुदत आहे, गाडीचा वेग त्यावरून ठरत नाही. पण रस्त्यात आणि गेटवर वेळ जातो, हे कागद करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. ते फक्त तुमच्या ऑफरमध्ये लिहिलेलं नसतं.

हा प्रश्न एकट्या नागपूरचा नाही. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांना मैलावर पैसे देण्याची जुनी रीत आहे आणि गोदामाच्या दारात फुकट जाणारे तास हे तिथलंही जुनं रडगाणं आहे. युरोपीय संघाने २००६ च्या नियमावलीत वेगळी भूमिका घेतली. अंतरावर दिलेल्या पैशामुळे रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येत असेल, तर तसा मोबदला देण्याला तिथे मनाई आहे. कारण साधं आहे. किलोमीटरवर पोट असलेला माणूस थांबत नाही. डोळा लागला तरी थांबत नाही. आणि पुढच्या मोटारसायकलवर तुमच्या-माझ्या घरचंच कुणीतरी असतं.

आता मी तुम्हाला सहा प्रश्न देतो. ऑफर आली की "किती देता?" याच्या आधी हे विचारायचे.

पहिला प्रश्न: कोणते किलोमीटर? गाडीच्या मीटरचे, जीपीएसचे, की ऑफिसातल्या तक्त्यावरचे? बऱ्याच ठिकाणी तक्ता असतो. नागपूर-मुंबई इतके, नागपूर-रायपूर इतके. तक्त्यात यार्डापासून माल भरण्याच्या जागेपर्यंतचे, शहरात नो-एन्ट्री म्हणून बाहेरून फिरवल्याचे, पंपापर्यंत गेल्याचे किलोमीटर नसतात. मुंबईचं तर विशेष विचारा. तक्त्यात समृद्धीचं अंतर धरलं आहे आणि फास्टॅगमध्ये समृद्धीच्या टोलचे पैसे टाकलेले नाहीत, असं असेल तर तुम्ही जुन्या रस्त्याने जाल. तो सुमारे शंभर किलोमीटरने लांब आहे. ते शंभर कुणाचे?

दुसरा प्रश्न: रिकाम्या गाडीचे किलोमीटर धरता का? काही जण भरलेल्याचे चार आणि रिकामीचे दोन देतात. काही रिकामीचे देतच नाहीत. परतीचा माल शोधणं हे ऑफिसाचं काम आहे. त्याची किंमत ड्रायव्हरने भरायची कारण नाही.

तिसरा प्रश्न: गाडी उभी राहिली तर काय? मला विचाराल तर सगळ्या ऑफरचा जीव या प्रश्नात आहे. माल वेळेवर उतरवला नाही की गाडीमालक पार्टीकडून हॉल्टिंग मागतो. त्यातलं ड्रायव्हरला किती? किती तासांनंतर? गेटमध्ये शिरल्याची वेळ कोण लिहिणार? ब्रेकडाउन झालं, पावसात रस्ता बंद झाला, संप झाला तर? जानेवारी २०२४ आठवा. अपघात करून पळून जाण्याबद्दलच्या नव्या कलमाविरुद्ध चक्का जाम झाला आणि नागपुरात पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. त्या दिवसांत पगारवाल्याचा पगार चालू होता, किलोमीटरवाल्याचं मीटर बंद होतं.

चौथा प्रश्न: खर्च कोणाचा? जेवण, पार्किंग, पंक्चर, हमाली, काटा, रस्त्यातली "एन्ट्री" आणि चालान. ओव्हरलोडचं विशेष बघा. मोटर वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनाला २,००० दंड आहे. गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघांवरही तो येऊ शकतो. "भरलेला माल मालकाचा, चालान ड्रायव्हरचं" अशी अट असेल, तर सरळ उठून या.

ट्रिपच्या ठेक्यात तर डिझेलही तुमच्या अंगावर असतं. मुंबईची १,४०० किलोमीटरची फेरी, गाडी लिटरला चार देते असं धरून ३५० लिटरचे पैसे मिळाले. ट्रॅफिकमुळे साडेतीनच पडले, तर ४०० लिटर लागले. पन्नास लिटर जास्त, ९० रुपयांनी ४,५०० रुपये. जुन्या इंजिनाचा आणि पंक्चर सायलेन्सरचा भुर्दंड पोराच्या कमाईतून गेला.

पाचवा प्रश्न: कपात कशाची आणि कोण ठरवणार? माल कमी भरला, डिझेल कमी भरलं, पोतं फाटलं म्हणून हिशेबात लाल शाईने वजाबाकी होते. वेतनाचा कायदा सांगतो की नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणाने झालं असेल तरच कपात करता येते, त्याआधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि एकूण कपात वेतनाच्या निम्म्यावर जाता येत नाही. गाडी सील होती, सील शाबूत पोचलं आणि तरी माल कमी निघाला, तर ड्रायव्हरचा दोष कुठला?

सहावा प्रश्न: कागदावर पगार किती दाखवणार? हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर वाईट दिवशी लागतं. काही ऑफिसं पगार आठ हजार दाखवतात आणि बाकीचं प्रवासभत्ता म्हणून देतात. हातात पैसे तेवढेच येतात, म्हणून ड्रायव्हर खूश. पण कामावर असताना मृत्यू झाला तर कामगार नुकसानभरपाईचा हिशेब मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयाच्या गुणकाने गुणून होतो, आणि प्रवासभत्ता त्यात धरत नाहीत. तीस वर्षं वयाला गुणक २०७.९८ आहे. आठ हजार वेतनावर भरपाई येते सुमारे ८ लाख ३२ हजार. पंधरा हजार वेतनावर, जी २०२० पासून या हिशेबाची कमाल मर्यादा आहे, येते सुमारे १५ लाख ६० हजार. फरक सव्वासात लाखांचा. त्याची बायको-मुलं तो फरक आयुष्यभर भरत राहतात. माझ्या टेबलासमोर अशा बायका बसलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांना मी काय सांगणार होतो? कागदावर जे होतं तेच.

यात एक बदल झाला आहे, तो ओळखून ठेवा. जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतल्या वेतनाच्या व्याख्येनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. म्हणजे आठ हजारांचा खेळ पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. शिवाय तुकड्यावर, म्हणजे फेरीवर किंवा किलोमीटरवर काम करणाऱ्यासाठी वेगळा किमान दर ठरवलेला नसेल, तर वेळेप्रमाणे जे किमान वेतन होतं त्याच्या खाली त्याला देता येत नाही. ही तरतूद १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही होती. त्या कायद्याचं विधेयक १९४६ साली मजूरमंत्री म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं होतं. दीक्षाभूमीच्या शहरात राहून आपल्याला हे माहीत नसावं, याचं वाईट वाटतं. किलोमीटर कमी पडले म्हणून किमान वेतनाच्या खाली मजुरी, हे कायद्याला मान्य नाही.

आता तुमच्या मनातली अडचण मी बोलतो. ऑफर आणणारा परका नसतो. मामूचा दोस्त असतो, मोहल्ल्यातला असतो, जुम्म्याला शेजारच्या सफेत उभा असतो. त्याला "लिहून द्या" म्हणायला जीभ रेटत नाही. अम्मी म्हणते, "आपलाच माणूस आहे, काय विचारतोस एवढं?" सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं होतं की मुस्लिम कामगारांत लेखी कराराशिवाय आणि सामाजिक सुरक्षेशिवाय काम करणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे. त्याची कारणं बाहेर आहेतच. पण हा संकोचही एक कारण आहे, आणि ते आपल्या हातात आहे. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे, साक्षीदार घ्यायला सांगितलं आहे. ते माणसावर अविश्वास म्हणून सांगितलेलं नाही. विसर पडतो, नियत बदलते, माणूस मरतो, कागद राहतो. महिनाभराची मजुरी म्हणजे तुम्ही मालकाला दिलेली उधारीच असते.

करारपत्र कुणी देणार नाही, हे मला कळतं. मग व्हॉट्सॲपवर पाठवा: "सेठजी, आज बोलणं झालं त्याप्रमाणे मीटरच्या किलोमीटरला इतके, रिकामीचे इतके, चोवीस तासांनंतर हॉल्टिंगचे इतके. बरोबर ना?" त्याने "हो" लिहिलं, नुसता अंगठा दाखवला, तरी तुमच्याकडे काहीतरी आहे.

फेरीला निघताना आणि पोचल्यावर मीटरचा फोटो काढा. काट्याच्या चिठ्ठीवर वेळ असते, तिचाही काढा. बिल्टीचा काढा. मूळ लायसन्स मालकाकडे ठेवू नका. आणि मोठी उचल घेऊ नका. तीस हजारांची उचल घेतली की सहाही प्रश्न विचारायची ताकद गेली. उचलीपायी सोडून जाता न येणं याला वेठबिगारी म्हणतात आणि ती १९७६ पासून गुन्हा आहे.

बहिणींनो, तुम्हाला एक काम सांगतो. घरात भाऊ, अब्बा किंवा नवरा गाडीवर असेल, तर हिशेबाची वही तुम्ही ठेवा. तो फोटो पाठवेल, तुम्ही लिहा: तारीख, मीटर, उभं राहण्याचे तास, खर्च. महिन्याच्या शेवटी मिळालेल्या रकमेतून खर्च वजा करा आणि घराबाहेरच्या दिवसांनी भागा. तो एक आकडा भिंतीवर लिहा. दोन महिन्यांत घराला कळेल की ही ऑफर ठेवायची की सोडायची.

मालकांच्या बाजूनेही एक सांगतो, कारण आपल्यातले काही जण एक-दोन गाड्यांचे मालक आहेत. त्यांनाही भाडं थकतं, हप्ता थकत नाही. तरी गाडी उभी राहण्याचा तोटा सगळ्यात कमकुवत माणसाच्या खिशात ढकलून धंदा टिकत नाही. ड्रायव्हर निघून जातो आणि गाडी यार्डात उभी राहते. थोडा पक्का पगार, थोडे किलोमीटर आणि हॉल्टिंगमध्ये वाटा, अशी ऑफर देणाऱ्याकडे ड्रायव्हर वर्षानुवर्षं राहिलेले मी पाहिले आहेत.

पैसे अडकले तर नागपुरात अपर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा त्यांचा मदतीचा फोन आहे. एकटे जाऊ नका, चार ड्रायव्हर मिळून जा, आणि वही घेऊन जा.

चहा तयार आहे असं दिसतं. मी मागच्या टेबलावर कॅल्क्युलेटर घेऊन बसतो. ज्यांच्या मोबाइलमध्ये ऑफरचा मेसेज पडला आहे त्यांनी तो घेऊन यावा, बरोबरीचा आकडा आत्ताच काढू.